मूत्राशय : शब्द आणि आशय

मराठी भाषेनें माणसाच्या शरीरावर जेवढे वाक्प्रचार बेतले आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर बेतले असतील. नाक मुरडतें, कान टवकारतात, डोळे पांढरे होतात, पोटांत गोळा उठतो, काळजाचें पाणी होतें, आंतड्याला पीळ पडतो आणि उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंगहि बांधतां येतें. परंतु ओटीपोटाच्या तळाशीं बसलेला, दिवसांतून पांचसात वेळां न चुकतां हांक मारणारा एक अवयव असा आहे कीं, त्याच्या वांट्यास प्रचारांतली एकहि म्हण आलेली नाहीं. इंग्रजींत त्यास ब्लॅडर म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत त्याचें नांव मूत्राशय असें छापलेलें असतें, वैद्य त्यास बस्ति म्हणतात, दवाखान्यांतील परिचारिका लघवीची पिशवी म्हणते, आणि ज्याला तेथें दुखतें तो मनुष्य बहुधा 'खालीं दुखतें' एवढेंच सांगून थांबतो.

ही केवळ कोशकाराची अडचण असती तर ती त्याच्यावर सोंपवून मोकळें होतां आलें असतें. परंतु बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे शेगांव, नांदुरा, जळगांव जामोद, संग्रामपूर या बाजूचा पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील सखल प्रदेश, खारपाण पट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील विहिरींचें पाणी खारट आहे, उन्हाळा कडक आहे, आणि मूतखडा व मूत्रपिंडाचे विकार यांच्या तक्रारी तेथून वर्षानुवर्षें येत आहेत. ज्या मुलखांत या दुखण्याविषयीं सर्वांत स्पष्ट बोललें पाहिजे त्याच मुलखांत बोलावयास शब्द अपुरे पडावेत, ही गोष्ट थोडें थांबून पाहण्यासारखी आहे.

प्रथम जुनीं नांवें घ्यावींत. 'आशय' म्हणजे जेथें कांहीं येऊन राहतें तें स्थान. पाण्याचा तो जलाशय, गर्भाचा तो गर्भाशय. आयुर्वेदानें शरीरांत असे सात आशय मोजले आणि स्त्रीच्या शरीरांत आठवा. मराठींत या शब्दाचा दुसरा अर्थ अधिक रूढ झाला : पत्राचा आशय, भाषणाचा आशय. शब्दाच्या पोटांत जें सांठवलेलें असतें तो त्याचा आशय. शिकलेल्या घरांतील मुलगा 'कवितेचा आशय लिहा' या प्रश्नाचें उत्तर धडाधड लिहितो, आणि विज्ञानाच्या तासाला मूत्राशयाची आकृति काढतांना मान खालीं घालून हंसतो. दोन्ही ठिकाणीं शब्द एकच आहे हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

'बस्ति' हें नांव वैद्यकाच्या ग्रंथांत पदोपदीं भेटतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अश्मरीचा, म्हणजे मूतखड्याचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत बस्तीचें वर्णन मोठें रेखीव आहे. ती भोपळ्याच्या आकाराची, पातळ त्वचेची, एकाच दाराची व खालीं तोंड असलेली सांगितली आहे. ती भरते कशी, हें सांगण्यास ग्रंथकारानें कोरा माठ घेतला आहे. गळ्यापर्यंत पाण्यांत बुडवून ठेवलेला कोरा माठ जसा चोहोंबाजूंनीं पाझरून भरतो, तशी बस्ति मूत्रानें भरते. आणि स्वच्छ पाणी नव्या घागरींत ठेवलें तरी कालांतरानें तळाशीं गाळ बसतोच, तसा खडा उत्पन्न होतो. यांतली पहिली उपमा आतां टिकत नाहीं. मूत्र मूत्रपिंडांतून दोन बारीक नळ्यांच्या वाटे येतें, हें शरीरशास्त्रानें दाखवून दिलें आहे. दुसरी उपमा मात्र अजूनहि कोणत्याहि डॉक्टरनें रोग्यास खुशाल सांगावी. द्रवांत विरघळलेलें द्रव्य प्रमाणाबाहेर झालें कीं तें खालीं बसतें, हेंच खड्याचें आजचेंहि स्पष्टीकरण आहे.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानांत खडा काढण्याची शस्त्रक्रिया दिली आहे, आणि ती करण्यापूर्वीं वैद्यानें राजाची अनुज्ञा घ्यावी असेंहि सांगितलें आहे. कारण शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यु निश्चित, व केल्यास जीव वांचेल कीं नाहीं याचा संशय. आजच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वीं जो संमतीचा कागद पुढें येतो त्याचा हा फार जुना पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. त्याच ठिकाणीं एक सावधगिरीची सूचना आहे : स्त्रियांचा गर्भाशय बस्तीला अगदीं लागून असतो, म्हणून शस्त्र जपून चालवावें, नाहीं तर मूत्र झिरपणारी जखम कायमची राहते. ही सूचना ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

बस्ति या शब्दाला आणखी एक अर्थ आहे व तो आज शहरांत अधिक ऐकूं येतो. आयुर्वेदीय उपचारकेंद्राच्या पाटीवर 'बस्ति' असें लिहिलेलें असतें, तेथें मूत्राशयाचा कांहीं संबंध नसतो. गुदमार्गानें तेल किंवा काढा आंत सोडण्याची ती क्रिया. हें नांव तिला पडलें तें साधनावरून. रबर नव्हतें त्या काळीं काढा भरून दाबावयास जी पिशवी लागे, ती गाय, म्हैस, डुक्कर, बोकड, मेंढा अशा जनावरांच्या मूत्राशयाची कमावून केलेली असे. तेथें अवयवाचें नांव साधनाला मिळालें, साधनाचें क्रियेला मिळालें, आणि अवयव स्वतः मागें राहिला. त्यांत भर म्हणून मराठींत 'वस्ती' हा राहण्याच्या जागेचा शब्द उच्चारानें अगदीं शेजारीं येऊन बसला. 'बस्तीचा विकार' असें म्हटल्यावर खेड्यांतल्या माणसानें गांवांत सांथ आली असें समजलें, तर दोष त्याचा नाहीं.

कमावलेल्या पिशवीचा हा संबंध आला कीं इंग्रजी शब्दाकडे सहज वळतां येतें. ब्लॅडर हा शब्द ज्या मुळापासून निघाला त्याचा अर्थ फुंकणें किंवा फुगविणें. मराठींत फुगण्यावरून फुगा झाला, तसाच तिकडे हा झाला. जनावराचें मूत्राशय धुऊन, वाळवून, तोंडानें फुगवून त्याचा फुगा करावयाचा, हा युरोपांतल्या खाटकाच्या पोरांचा जुना खेळ होता. त्यावर कातड्याचें कवच शिवलें म्हणजे चेंडू झाला. आरंभींचे फूटबॉल असे डुकराच्या मूत्राशयाचे असत. १८६२ च्या सुमारास इंग्लंडांतील रग्बी गांवचे चेंडू करणारे कारागीर रिचर्ड लिंडन यांनीं त्याच्या जागीं रबराची पिशवी घातली. परंतु नांव पालटलें नाहीं. महाराष्ट्रांतील शाळांच्या मैदानांवर हा शब्द त्या रबराच्या पिशवीसाठींच आला. व्हॉलीबॉलची वादी सोडून आंतला ब्लॅडर बाहेर काढावयाचा, सायकलच्या दुकानांत पाण्याच्या घमेल्यांत बुडवून बुडबुडा कोठें येतो तें पहावयाचें, ठिगळ लावून पुन्हां हवा भरावयाची, हें कित्येक पिढ्यांनीं केलें आहे. 'ब्लॅडर पंक्चर झाला' हें वाक्य मुलें भर वर्गांत मोठ्यानें बोलत. त्या शब्दाचा मूळचा अर्थ ठाऊक असता तर तीं तसें बोललीं असतीं कीं नाहीं याची शंकाच आहे. माशांच्या पोटांतहि हवेचा एक फुगा असतो व त्यासहि इंग्रजींत ब्लॅडरच म्हणतात. कोंकण किनाऱ्यावरच्या घोळ माशाचा हा फुगा परदेशांत इतका मोलाचा ठरतो कीं, २०२१ सालीं पालघर जिल्ह्यांतील एका नाखव्याच्या जाळ्यांत सांपडलेल्या घोळीची विक्री एक कोटीच्या वर गेल्याची बातमी सर्वत्र झाली होती.

वऱ्हाडांत मात्र जुन्या संसाराला परिचित अशा पिशव्या कातड्याच्या. भिस्त्याच्या खांद्यावरची मशक, हेल्याच्या पाठीवरची पखाल, तेलातुपाचा बुधला, लोहाराचा भाता आणि विहिरीवरची मोट. मूत्राशयाचें काम समजावून द्यावयास यांतील मोटेसारखें दुसरें साधन नाहीं. मोटेला खालच्या बाजूस सोंड असे. नाडा मोट वर ओढी आणि सोल नांवाची बारीक दोरी ती सोंड दुमडून धरी. मोट थारोळ्यावर आली कीं सोल सैल पडे व सगळें पाणी सोंडेवाटे एकदम मोकळें होई. मूत्राशयाचें तोंडहि असेंच एका स्नायूनें आंवळून धरलेलें असतें. पिशवी भरत असतां तो आंवळलेला राहतो, आणि योग्य जागीं पोहोंचेपर्यंत मनुष्य त्यास आंवळून धरूं शकतो. नंतर तो सैल पडतो आणि पिशवीची भिंत आपण होऊन आकुंचन पावते. लहान मुलाला ही सोल धरतां येत नाहीं, तें दोनतीन वर्षांत शिकतें. म्हातारपणीं कित्येकांच्या हातून ती पुन्हां सुटते. मोटा आतां विजेच्या पंपांपुढें नाहींशा झाल्या, त्यामुळें ही उपमा आजोबांच्या पिढीपुरतीच उरली आहे. पखालीनें मात्र भाषेला एक म्हण देऊन ठेवली आहे : हेल्याला दुखणें आणि पखालीला औषध. दुखतें एकाला व उपचार दुसऱ्यावर, या प्रकाराला वऱ्हाडांत व बाहेरहि ती लावतात. पुढें जें सांगावयाचें आहे त्यास ती इतकी तंतोतंत लागू पडते कीं, जणू त्यासाठींच कोणी घडविली असावी.

आतां 'पिशवी' हा शब्द घ्यावा. मराठी स्त्री 'पिशवी' म्हणते तेव्हां तिला बहुधा गर्भाशय म्हणावयाचें असतें. 'पिशवीला सूज आहे', 'पिशवी खालीं आली', 'पिशवी काढून टाकली' हीं वाक्यें घराघरांतून ऐकूं येतात. गर्भाशय हा शब्द उच्चारण्याचा संकोच, म्हणून हा आडपडदा. त्याच वेळीं डॉक्टर मूत्राशयाला लघवीची पिशवी म्हणतो, आणि पित्ताशयांत खडा झाला तर ती पित्ताची पिशवी होते. एका ओटीपोटाच्या आसपास तीन पिशव्या झाल्या. पहिल्या दोन तर एकमेकींना लागून, एकीच्या पाठीशीं दुसरी. खोकतांना किंवा डोक्यावर घागर चढवितांना लघवीचे थेंब सुटतात, हा बाळंतपणें झालेल्या पुष्कळ स्त्रियांचा अनुभव; त्याचें कारण मूत्राशयाला खालून धरणारे स्नायु सैल पडणें हें असतें. कित्येकदां गर्भाशयाबरोबर मूत्राशयहि खालीं उतरतें. परंतु बाई सांगते 'पिशवीचा त्रास आहे', ऐकणाऱ्या सासूला किंवा नवऱ्याला एकच पिशवी ठाऊक, आणि तीन मुलें झाल्यावर ती पिशवी निरुपयोगी आहे असें घरांतलें मत ठरलेलें असतें. लघवीच्या तक्रारीसाठीं गेलेली स्त्री गर्भाशय काढून घेऊन परत यावी, याला एका शब्दाचा घोटाळा पुरेसा आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनास चौकशीसमिति नेमावी लागली. त्या प्रकरणाचीं मुळें गरिबींत, बुडणाऱ्या मजुरींत आणि कांहीं डॉक्टरांच्या लोभांत होतीं. सगळा दोष शब्दावर टाकणें भाबडेपणाचें होईल. तरी 'पिशवी काढली' या वाक्यांत शरीराचा एक अवयव गेला असें वाटतच नाहीं, एखादी रिकामी झोळी खुंटीवरून उतरविली असें वाटतें, हें कबूल करावें लागतें. सुश्रुतानें बस्ति व गर्भाशय यांच्या शेजारपणाची जी सूचना देऊन ठेवली आहे ती दोन वेगळीं नांवें उच्चारूनच देतां आली.

संकोच एवढ्यावर थांबत नाहीं. 'लघवी' हा आज साधा वाटणारा शब्दहि मूळचा आडपडदाच आहे. लघुशंकेंतला 'लघु' तेवढा पुढें येऊन बसला. शाळेंतील मुलें एक बोट वर करून 'एकी'ला जातात. मुंबईत २०११ पासून स्त्रियांसाठीं स्वच्छ व विनामूल्य मुताऱ्या मागणारी चळवळ उभी राहिली, तिलाहि लोक 'राइट टू पी' या इंग्रजी नांवानेंच ओळखतात. मराठींतला जुना, सरळ शब्द ग्राम्य ठरून घराबाहेर घातला गेला, आणि तो केवळ मुतारी व मूतखडा या दोन ठिकाणीं जीव धरून राहिला. सुशिक्षित घरांतून आतां मूतखडाहि गेला आहे व किडनी स्टोन आला आहे. या पालटाची एक किंमत आहे. खडा मूत्रपिंडांत असो, नळींत असो कीं मूत्राशयांत असो, त्याला आतां किडनीचाच म्हणतात. आणि मूत्राशयाचें नांव, जें थोडेंफार होतें, तेंहि बोलण्यांतून नाहींसें झालें.

मूत्रपिंडें दोन, बरगड्यांच्या खालीं, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव तीं रक्तांतून गाळतात, त्यांतला जवळजवळ सगळा परत घेतात, आणि दीड लिटराच्या आसपास मूत्र खालीं धाडतात. मूत्राशयाचें काम गाळण्याचें नव्हे, सांठविण्याचें. प्रौढ माणसाचें मूत्राशय चारपांचशें मिलीलिटर सहज धरतें. अर्धें भरण्याच्या सुमारास पहिली जाणीव होते. हा भेद वाटतो तेवढा पुस्तकी नाहीं, आणि बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यांत तर तो जिवाशीं येऊन भिडतो.

हा पट्टा बुलढाणा, अकोला व अमरावती अशा तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून अधिक पसरलेला आहे. सातपुड्यांत उगम पावून पश्चिमेस तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीनें आणलेल्या खोल, चिकण गाळाचा हा प्रदेश. त्या गाळांत क्षार दडलेले आहेत आणि विहीर खणली कीं ते पाण्याबरोबर वर येतात. पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरमागें ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावेत, दुसरें पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असें भारतीय मानक आहे. या पट्ट्यांतील कित्येक विहिरी ही दुसरी मर्यादाहि ओलांडतात. त्या पाण्यानें डाळ शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं आणि काळी जमीन भिजविली तर ती बिघडते. सातपुड्यांतील वाण धरणाचें गोडें पाणी जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील गांवांकडे नेण्याची योजना झाली ती यासाठींच.

या पाण्याविषयीं लोकांची एक समजूत आहे : विहिरींतलें मीठ पोटांत जातें, तेंच मूत्राशयांत सांचतें, व त्याचाच खडा होतो. समजूत सोपी आहे म्हणूनच पसरली. परंतु मूतखडे बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटाचे असतात, खारपाणांतल्या मिठाचे नव्हेत. सोडियम पुष्कळ पोटांत गेल्यानें मूत्रांतील कॅल्शियम वाढतें हें खरें; तथापि खड्याचें सर्वांत मोठें निमित्त मूत्र दाट होणें हें आहे. आणि येथें खारें पाणी दुसऱ्या वाटेनें घात करतें. तें तोंडाला लावावेंसें वाटत नाहीं. मे महिन्यांत पारा ४४–४५ अंशांवर गेलेला, अंगांतून घामाच्या धारा, कापसाच्या शेतांत जमीन तयार करण्याचें काम, बांधावर बाईला आडोसा नाहीं. ती सकाळपासून पाणीच पीत नाहीं; पाणी खारट म्हणून नाहीं आणि पिऊन जावें कोठें म्हणूनहि नाहीं. जें थोडें मूत्र उतरतें तें तास न् तास अडवून धरलें जातें. चरकानें न अडविण्याचे जे तेरा वेग सांगितले आहेत त्यांत मूत्राचा वेग आरंभींच आहे; परंतु चरकाच्या वाचकाला आडोसा मिळेल कीं नाहीं याची काळजी बहुधा करावी लागत नसे.

मग जळजळ सुरू होते. तिला मराठींत 'उन्हाळी लागणें' असें एक अर्थपूर्ण नांव आहे आणि घोटाळाहि त्याच नांवांत आहे. उन्हाळी म्हटल्यावर दोष उन्हाचा ठरला, औषध थंड ठरलें : सब्जा, धण्याजिऱ्याचें पाणी, वाळा, ताक. यांनीं द्रव पोटांत जातो व पुष्कळदां बरें वाटतें, म्हणून या उपायांना हंसण्याचें कारण नाहीं. पण स्त्रियांत ही जळजळ अनेकदां जंतूंमुळें होते. स्त्रीच्या शरीरांत मूत्रमार्ग चारपांच सेंटिमीटरांचाच. जंतु तेवढें अंतर सहज चढून मूत्राशयांत शिरतात. थंडी वाजून ताप आला, पाठीच्या एका बाजूस दुखूं लागलें, तर ते आणखी वर मूत्रपिंडापर्यंत पोहोंचले असें समजावें. तेव्हां सब्जाचा पेला पुरत नाहीं, लघवीची तपासणी करून योग्य औषध घ्यावें लागतें. कुळथाच्या पाण्याचेंहि तसेंच. बारीक खडा वाहून जाण्यास पुष्कळ पाणी पोटांत गेलें तर मदत होते, मग तें कुळथाचें असो कीं साधें असो. पण मूत्रनळींत अडकून बसलेल्या मोठ्या खड्याला तें हलवीत नाहीं, आणि पित्ताशयाच्या खड्याशीं तर त्याचा कांहींच संबंध नाहीं. दोहोंना 'खडा' म्हणतात एवढ्यावरून पित्ताच्या खड्यासाठीं घरोघर कुळीथ शिजतो, हें पखालीला औषधच झालें.

याहून मोठी फसगत वेगळीच आहे. 'लघवी साफ होते' हें वाक्य खेड्यांत व शहरांतहि तब्येतीचा दाखला म्हणून सांगतात. लघवी साफ होणें ही मूत्राशयाची व त्याच्या वाटेची साक्ष आहे. मूत्रपिंडें गाळण्याचें काम निम्म्याहून अधिक सोडून बसलीं तरी लघवी होत राहते, दुखत नाहीं, जळजळत नाहीं. हा विकार मुका आहे. पायांवर सूज, भूक मंदावणें, थकवा, अंगाला खाज हीं चिन्हें दिसूं लागेपर्यंत पुष्कळ काळ निघून गेलेला असतो. खारपाणांतील गांवांतून मूत्रपिंडाच्या विकाराच्या ज्या तक्रारी येतात, त्यांचें कारण खारें पाणी एवढें एकच धरून चालणार नाहीं. मधुमेह, रक्तदाब, उन्हांतील सततची तहान, आणि अंगदुखीवर टपरीवरून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचाहि त्यांत वांटा असतो. परंतु कारण कोणतेंहि असो, त्याचा पत्ता लघवीच्या धारेवरून लागत नाहीं. रक्तांतील क्रिएटिनिन व लघवींतील प्रथिन तपासल्यानें लागतो. या दोन्ही तपासण्या साध्या आहेत. त्या करावयास माणूस जात नाहीं, कारण त्याच्या समजुतीप्रमाणें पिशवी ठीक आहे.

म्हणून दवाखान्यांत गेल्यावर कोठें दुखतें हें बोटानें दाखवून शब्दानेंहि सांगावें, एवढी अपेक्षा वाजवी आहे. कुशींतून उठून जांघेकडे उतरणारी कळ बहुधा मूत्रनळींतील खड्याची असते. ओटीपोटांत दुखणें, वारंवार जावेंसें वाटणें, धार मध्येंच थांबून कुशीवर वळल्यावर पुन्हां सुरू होणें, हीं मूत्राशयाचीं लक्षणें. मुळींच लघवी न होतां ओटीपोट टम्म फुगणें हें तर तांसाभराचीहि वाट न पाहण्यासारखें. म्हाताऱ्या पुरुषांत अष्ठीला ग्रंथि वाढून असें होतें, आणि घरांत सून, नात, लेक यांच्यासमोर बोलावें कसें म्हणून म्हातारा रात्रभर तळमळत काढतो.

हाच म्हातारा, किंवा त्याचा मुलगा, बैलाविषयीं बोलूं लागला कीं त्याची जीभ मोकळी होते. खच्ची केलेल्या बैलाची मूत्रनळी अरुंद राहते व तिला नागमोडी वळण असतें. तेथें खडा अडकला कीं लघवी तुंबते. पशुवैद्य येतांच शेतकरी सांगूं लागतो : केव्हांपासून तुंबली, शेवटची किती झाली, थेंबाथेंबानें कीं धारेनें, रंग कसा, बैल पाय कसा झाडतो, शेपूट कशी उचलतो, कण्हतो कधीं. मध्येंच बैल शांत झाला, तर त्याला बरें वाटलें असें नवखा समजतो. जाणता शेतकरी घाबरतो, कारण त्याच वेळीं आंतलें मूत्राशय फुटलेलें असूं शकतें. तें त्यानें बापाकडून ऐकलेलें असतें, आणि फुगा फुटला असेल कां, हें तो डॉक्टरला सरळ विचारतो.